परजेवर आद्याक्षरे, पण सरकारी बाण नाही: 'प्रायव्हेट पर्चेस' म्हणून विकली जाणारी ब्रिटिश सुरी घ्यावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हाला तपासता येईल.

तुम्ही इंग्लंडात स्लाऊला राहता. रविवारच्या शस्त्रमेळ्यात एका टेबलावर तुम्ही फेअरबर्न-साइक्स सुरी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंची दुधारी सुरी, पाहिलीत. मूठ निकेल चढवलेली, बारीक चौकटींच्या खाचांची. पाते आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी, म्हणजे आपल्या तलवारीला ज्याला परज म्हणतात ती, सरळ. पात्यावर मुठीपाशी विल्किन्सन या तलवारी करणाऱ्या कंपनीचा छाप. परजेवर तीन आद्याक्षरे आणि 1942. लष्कराचा बाणाचा शिक्का, म्हणजे सरकारी मालाची खूण, मात्र कुठेच नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की, बाण नाही कारण ही अधिकाऱ्याने पदरच्या पैशाने घेतलेली, 'प्रायव्हेट पर्चेस', म्हणूनच साडेनऊशे पौंड. घ्यावी का, आणि पुढेमागे कोल्हापूरला नेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

सुरी हातात न घेता याचे हो-नाही असे उत्तर देणारा माणूस एक तर फार मोठा जाणकार असेल, नाही तर ती सुरी त्याचीच असेल. मी दोन्ही नाही. पोटापाण्यासाठी 31 वर्षे शेफिल्डला पोलादाच्या हीट ट्रीटमेंटमध्ये काढली आणि साधारण तेवढीच वर्षे या सुऱ्या गोळा केल्या. त्या अनुभवावर बोलतो.

तुमची खरी अडचण सुरी खरी की खोटी ही नाही. ती खरी असूही शकेल. अडचण विक्रेत्याच्या 'बाण नाही, म्हणून अधिकाऱ्याची' या वाक्यात आहे. यात पुरावा नसणे हाच पुरावा धरला आहे. बाण नसण्याची कारणे बरीच असतात. सरकारी करारात बनलेल्या कितीतरी सुऱ्यांवर बाण पडलेलाच नाही. युद्धानंतर दुकानात विकायला बनलेल्या सुऱ्यांवर तो असायचे कारणच नव्हते. नकलेवरही नसतो, किंवा असला तर जरा जास्तच ठसठशीत असतो. तेव्हा सुरीचे पैसे वेगळे आणि गोष्टीचे पैसे वेगळे, असे दोन आकडे आधी मनात धरा. गोष्टीला कागद नसेल तर दुसरा आकडा शून्य.

आता अधिकारी स्वतः विकत घेत, ही थाप आहे का? अजिबात नाही. ब्रिटिश अधिकाऱ्याने आपला सरंजाम स्वतः जमवायचा, ही जुनी रीत. सरकार भत्ता देई, पण तलवार, दुर्बीण, शिंप्याचे बिल हे ज्याचे त्याने बघायचे. पहिल्या महायुद्धात रिव्हॉल्व्हरसुद्धा हव्या त्या कंपनीचे घेता येई, फक्त त्यात लष्कराची .455 ची गोळी बसली पाहिजे. अशा माणसाने सुरीही दुकानातून घ्यावी यात नवल नाही.

त्यातून पहिल्या युद्धात लष्कराने खंदकातल्या लढाईसाठी एक ठरावीक सुरी अशी काढलीच नाही. रात्री समोरच्या खंदकात उतरून छापा घालायचा तर लांब रायफल आणि त्याहून लांब संगीन वळवायलाही जागा नसे. मग कोणी संगीन तोडून आखूड करी, कोणी लोखंडी खिळे ठोकलेला सोटा नेई, आणि ज्याच्या खिशात पैसे असत तो सुरी विकत घेई. तेव्हा वूस्टरशायरमध्ये मोडणाऱ्या डडली गावच्या रॉबिन्स या कारखान्याने याच गिऱ्हाइकासाठी माल काढला. त्यांची सर्वात प्रसिद्ध सुरी म्हणजे ॲल्युमिनियमची ओतीव मूठ आडवी मुठीत धरायची आणि पाते बोटांच्या मधून पुढे. आपल्या माणसाला ती बघताक्षणी कट्यारीची आठवण येते. 'रॉबिन्स, डडली' हे नाव काहींवर असते, काहींवर नसते.

वेल्श सुरीची तऱ्हा वेगळी. लॉर्ड हॉवर्ड डी वॉल्डेन यांनी रॉयल वेल्श फ्युझिलियर्सच्या नवव्या बटालियनसाठी ती पदरमोड करून घेतली. चेल्सीचे कारागीर फेलिक्स जूबेर यांनी 1916 मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पानासारखे रुंदट पाते, घडी होणारी परज आणि पात्यावर वेल्श भाषेत 'ड्रॉस अर्डास कमरी', म्हणजे वेल्सच्या सन्मानासाठी. ही खासगी खरेदीच, पण एकट्याची नव्हे, एका धन्याने आपल्या माणसांसाठी केलेली. हा फरक मनात ठेवा, कारण 'प्रायव्हेट पर्चेस' या एकाच चिठ्ठीखाली विक्रेते अशा निरनिराळ्या वस्तू खपवतात.

आणखी एक प्रकार आपल्या घराजवळचा. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्हीची इमारत तुम्ही पाहिली असेल. आज तिथे कपड्यांचे दुकान आहे. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची अधिकाऱ्यांची बाजारपेठ. मुंबईची शाखा 1890 च्या दशकातली. जाडजूड कॅटलॉगमधून मच्छरदाणीपासून शिकारीच्या सुरीपर्यंत सगळे मिळे. त्यांचा छाप असलेली सुरी मिळाली तर नाव नीट वाचा. 1934 मध्ये 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' जाऊन 'स्टोअर्स लिमिटेड' झाले, त्यामुळे नुसत्या नावावरून वस्तू आधीची की नंतरची हे सांगता येते. याशिवाय डुकराच्या शिकारीचे भाले आणि सुऱ्या करणारे औरंगाबादचे एक नाव होते. पोलादावर ते इंग्रजी अक्षरांत 'बोदराज' असे येते, म्हणजे बहुधा आपला बोधराज. तमिळ प्रांतात सालेमच्या अरुणाचलम यांच्या सुऱ्यांना असाच मान होता. इथल्या लिलावात अशी सुरी 'इंडियन, सर्टन एज' (भारतीय, बरीच जुनी) एवढ्या नोंदीवर स्वस्तात पडलेली मी पाहिली आहे, कारण ते नाव वाचता येणारा माणूस खोलीत नव्हता. मराठी माणसाने संग्रह करायचा तर मी तर इथूनच सुरुवात करीन. असो, तुमच्या सुरीकडे येतो.

शांघायच्या नगर-पोलिसांतून आलेले विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स नोव्हेंबर 1940 मध्ये लंडनला विल्किन्सनच्या लोकांना भेटले आणि 1941 च्या सुरुवातीला पहिल्या सुऱ्या तयार झाल्या. या पहिल्या नमुन्याची परज इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, आणि पात्याच्या बुडाशी एक सपाट चौकोन, ज्यावर छाप असे. दुसऱ्या नमुन्यात परज सरळ झाली आणि तो चौकोन गेला. हा बदल साधारण ऑगस्ट 1942 चा. तिसरा नमुना 1943 च्या शरदातला. पितळ वाचवायला त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली आणि गोल कड्यांची.

आता तुमच्या सुरीवरचे 1942 बघा. सरळ परज आणि 1942 जुळते, पण जेमतेम. ऑगस्ट ते डिसेंबर एवढीच फट. ती सुरी त्या पाच महिन्यांत घेतली असेल, किंवा त्या अधिकाऱ्याने नंतर कधीतरी आपल्या कमिशनचे वर्ष कोरून घेतले असेल, किंवा परवा कोणीतरी '1942 म्हटले की कमांडो आठवतात' एवढ्या हिशेबाने ते कोरले असेल. तिन्ही शक्य. यातले कोणते, हे धातूच सांगेल.

विल्किन्सन दुकानातूनही या सुऱ्या विकत असे आणि गिऱ्हाइकाने सांगितले तर पात्यावर नाव घालून देत असे. ते नाव ॲसिडने कोरलेले असे. तुमच्या सुरीवर छाप पात्यावर आहे पण आद्याक्षरे परजेवर आहेत, म्हणजे आद्याक्षरे कारखान्यातली नसून दुसऱ्या कोणाच्या तरी हातची असण्याचा संभव जास्त. त्यात वावगे काही नाही. छावणीजवळचा सोनारही ते करून देई. पण मग 'विल्किन्सनने अधिकाऱ्यासाठी नाव घातलेली' असे म्हणून जो भाव लावतात तो इथे लागू होत नाही.

छाप तपासायला दहापट दाखवणारे भिंग न्या. सराफाकडे असते तेच. ॲसिडने खाल्लेल्या अक्षराचा तळ खरबरीत, दाणेदार दिसतो आणि कड किंचित खाल्ल्यासारखी असते. लेझरने केलेल्या अक्षरात तळाला बारीक समांतर रेघा दिसतात, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि कड जळकी असते. शिवाय विल्किन्सनने युद्धानंतरही स्मरणवस्तू म्हणून छापाच्या सुऱ्या भरपूर काढल्या. त्यांचे तलवारींचे काम 2005 मध्ये बंद झाले. तेव्हा छाप खरा असला तरी सुरी 1942 चीच असे होत नाही. तलवारींना क्रमांक असत आणि कंपनीच्या वहीत तो शोधता येतो. या सुऱ्यांना तशी सोय नाही.

आता आद्याक्षरे. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण त्यातून जे शिकलो ते दुसरीकडून शिकलो नसतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका मेळ्यात मी शेफिल्डची एक शिकारी सुरी घेतली. सांबरशिंगाची मूठ, जुने कातडी म्यान, आणि परजेवर नाव, पलटण, 'ईप्र 1915' (ईप्र म्हणजे बेल्जियममधली पहिल्या युद्धातली रणभूमी). विक्रेता अगदी सज्जन वाटणारा. घरी आलो, दिव्याखाली पाहिले, खूश झालो. आठ दिवसांनी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली सहज ठेवली आणि पोटात गोळा आला. परजेवर जुने ओरखडे होते, शंभर वर्षांत पडतात तसे, मागेपुढे, वेडेवाकडे. एक लांब ओरखडा '9' च्या डाव्या कडेपर्यंत येत होता, अंकाच्या खोबणीत नाहीसा होत होता आणि उजवीकडे पुन्हा सुरू होत होता. गंजाची दोन भोकेही अक्षराने मधोमध कापलेली. म्हणजे ओरखडा आधीचा, गंज आधीचा, अक्षर नंतरचे. अक्षर जुने असते तर ओरखडा त्याच्या कडा खरवडत गेला असता, आणि गंज खोबणीतही शिरला असता. सुरी खरी 1900 च्या आसपासची होती. फक्त त्या बिचाऱ्या लेफ्टनंटचा तिच्याशी काही संबंध नव्हता. त्याचे नाव थडग्यांच्या यादीतून उचलले होते. विक्रेत्यालाही ते ठाऊक नसावे असे मी आजही धरून चालतो. पैसे परत मागितले नाहीत, सुरी अजून माझ्याकडे आहे आणि नवख्या माणसाला मी तीच पहिल्यांदा दाखवतो.

तेव्हा तुम्ही परजेवरची अक्षरे तिरक्या उजेडात, भिंगाखाली, ओरखडे कुठून कुठे जातात एवढेच बघत पाच मिनिटे बसा. विक्रेता घाई करू लागला तर तेही एक उत्तरच.

समजा अक्षरे जुनी निघाली. तरी नुसती तीन आद्याक्षरे म्हणजे माणूस नव्हे. तीच तीन अक्षरे असलेले अधिकारी शेकड्यांनी निघतील. पूर्ण नाव आणि पलटण असेल तर गोष्ट वेगळी. मग लंडनमधल्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या युद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली मिळतात, डब्ल्यूओ 339 आणि 374 या मालिकांत. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नेमणूक आणि बढती घरबसल्या फुकट शोधता येते. दुसऱ्या युद्धाच्या सेवानोंदी संरक्षण खात्याकडून क्यूला हलवण्याचे काम 2022 पासून चालू आहे. पण लक्षात ठेवा, तो माणूस होऊन गेला हे सिद्ध झाले म्हणजे ही सुरी त्याची होती हे सिद्ध होत नाही. खोटे करणाऱ्यालाही गॅझेट वाचता येते. दोन्हींना जोडणारे काहीतरी लागते: घरातले पत्र, सामानाची यादी, कुटुंबाकडून थेट झालेली विक्री.

मुठीबद्दल. खरी मूठ पितळेची, वर निकेल. लोहचुंबक लावा. आत पोलादी दांडा असल्याने किंचित ओढ लागेल, पण चुंबक मुठीला चटकन चिकटून बसला तर मूठच पोलादाची आहे. मग पुढचे बोलणे नको. झीज कुठे आहे ते बघा. हातात धरलेल्या सुरीची मूठ अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात तिथे आणि मागच्या टोकाला जास्त झिजते, तिथे निकेल जाऊन पिवळे दिसते. बनावट जुनेपण सगळीकडून सारखे असते, घासणीने घासलेल्या पातेल्यासारखे.

पात्याची मधली धारेसारखी उभी रेघ मुठीपासून टोकापर्यंत नजरेच्या रेषेत धरा. त्या काळी ही पाती माणूस चाकावर धरून घासत असे. युद्धाच्या घाईत रेघ थोडी हलते, एका बाजूचा उतार दुसऱ्यापेक्षा जरा जास्त पडतो. शेफिल्डमध्ये माझ्याबरोबर काम केलेले एक म्हातारे ग्राइंडर म्हणत, अगदी सरळ रेघ दिसली की समजावे ती माणसाने घासलेली नाही. हा नियम नव्हे, कारण काही हात फार सुरेख होते. पण आरशासारखे सममित पाते आणि 'युद्धकाळातले' हे दोन्ही एकत्र आले की मी दुसऱ्यांदा बघतो.

म्यान सुरीइतकेच बोलते. धाग्यावर अतिनील टॉर्च मारा. पांढरेपणा वाढवणारी रसायने धाग्यात साधारण 1950 नंतर सर्रास आली, त्यामुळे निळसर चमकणारा टाका म्हणजे म्यान नंतरचे, किंवा निदान नंतर शिवलेले. शिवलेले असेल तर हरकत नाही, भाव तेवढा खाली.

तुम्ही पुढे कधी रॉबिन्सच्या सुरीकडे वळलात तर एक गोष्ट माझ्या धंद्यातली. ॲल्युमिनियम थंड होताना शंभराला एक-सव्वा एवढे आकसते. खऱ्या मुठीचा साचा घेऊन नक्कल ओतली की ती मूळपेक्षा किंचित लहान येते आणि नावाची अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट होतात. खात्रीच्या नगाची मापे व्हर्नियरने घेऊन वहीत ठेवा. ती वही कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा उपयोगी पडेल.

कायदा. इथे ब्रिटनमध्ये फेअरबर्न-साइक्स घरात ठेवायला बंदी नाही, पण योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणे गुन्हा आहे. मेळ्यातून गुंडाळून, डिकीत टाकून, थेट घरी. बोटांच्या कड्यांची किंवा कट्यारीसारखी मुठीत धरायची सुरी जुलै 2021 पासून घरात ठेवणेही गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला सूट मिळते. म्हणजे 1916 ची रॉबिन्स चालते, दुसऱ्या युद्धातली बोटांच्या कड्यांची सुरी अजून त्या सुटीत बसत नाही. ऐतिहासिक महत्त्वाचा बचाव आहे, पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नका.

भारतात शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते ही रेघ आहे. तुमच्या सुरीचे पाते 7 इंचांच्या आसपास, म्हणजे त्या रेघेच्या आत. पण विमानतळावरचा अधिकारी पट्टी घेऊन बसलेला नसतो, त्याला दुधारी खंजीर दिसतो. आधी कस्टम्सला लेखी विचारा, उत्तर कागदावर घ्या, आणि महाराष्ट्रात पोलिसांचे मनाई आदेश असतात तेव्हा ती घराबाहेर काढू नका. उलट दिशा आणखी कडक आहे. शंभर वर्षांहून जुनी सुरी भारतात सापडली तर पुरावशेष कायद्यामुळे ती खासगी माणसाला बाहेर आणता येत नाही. बोधराजची सुरी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली तर पुण्यातच ठेवावी लागेल.

घेतलीत तर चमकवू नका. निकेलवर ब्रासो लावलात की तुम्हीच पुरावा पुसला. आणि सुरी म्यानात ठेवू नका. चामड्यातले टॅनिन आणि दमटपणा पितळेला लागला की ते कळकते, पितळी भांड्यात दही कळकते तसेच, आणि तो हिरवा थर पात्यापर्यंत जातो. सुरी वेगळी, म्यान वेगळे, दोन्हींवर एकच चिठ्ठी.

शेवटी तुमच्या साडेनऊशेबद्दल. छाप ॲसिडचा, मूठ पितळेची, झीज पटण्यासारखी आणि अक्षरांवरून ओरखडे गेलेले, असे चारही निघाले तर ती चांगली दुसऱ्या नमुन्याची सुरी आहे. मग तशाच पण बिनअक्षरी सुऱ्या गेल्या वर्षभरात लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेल्या ते बघा आणि तेवढेच द्या. मागितलेले भाव बघू नका, विकले गेलेले बघा. आद्याक्षरांचे वेगळे पैसे देऊ नका. चारपैकी एकही डळमळले तर चहा प्या आणि घरी या.

फोटो पाठवायचे असतील तर फ्लॅश नको. खिडकीशी, सकाळच्या तिरक्या उजेडात, परजेच्या दोन्ही बाजू, मुठीचे मागचे टोक, पात्यावरचा छाप जवळून, आणि म्यानाची मागची शिवण. पुढची बाजू सगळेच पाठवतात.